अण्णांच्या उशाशी ठेवलेला खोका नक्की कोण बघतं?

लोकमान्यनगरची_सून | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. आरोग्य विभागात पहिल्यांदाच लिहितेय. विषय जरा किचकट आहे, सांभाळून घ्या.

माझे सासरे, अण्णा, वय ७४. आम्ही इंदूरला लोकमान्यनगरात राहतो. तीन वर्षांपूर्वी त्यांना अटॅक येऊन गेला. त्यानंतर हृदयाचं पंपिंग उतरत उतरत ३० टक्क्यांवर आलं. आठ महिन्यांपूर्वी डाव्या खांद्याखाली सीआरटी-डी बसवलं, म्हणजे हृदयाचे दोन्ही कप्पे एकत्र चालवणारं आणि गरज पडली तर शॉक देणारं यंत्र: काडेपेटीहून थोडा मोठा डबा आणि त्यातून हृदयात गेलेल्या तीन तारा. हॉस्पिटलमधून निघताना एक पांढरा खोकाही हातात दिला, दिसायला इंटरनेटच्या राउटरसारखा. "पलंगाजवळ ठेवा, प्लग काढू नका, बाकी काही करायचं नाही." आम्ही खरंच बाकी काही केलं नाही. हिरवा दिवा लागतो, मी केर काढताना त्यावरची धूळ पुसते, इतकाच आमचा आणि त्याचा संबंध.

आज दुपारी हॉस्पिटलच्या डिव्हाइस क्लिनिकमधून फोन. "आजोबांच्या छातीत पाणी वाढत असल्याचा अलर्ट दिसतोय. दम लागतो का? पाय सुजलेत? रात्री उशा किती घेतात? वजन किती? कुठली नवी गोळी सुरू केली आहे का?" मी धावत त्यांच्या खोलीत गेले तर अण्णा आरामात शब्दकोडं सोडवत बसलेले. दम नाही, खोकला नाही. नडगीवर बोट दाबून पाहिलं, खळगा पडला नाही. नवी गोळी नाही म्हणाले. वजनकाटा माळ्यावर होता, शेजारच्या मुलाला चढवून काढला. ६८.४ किलो. मागच्या महिन्याच्या चिठ्ठीवर ६७.२ लिहिलंय. आता १.२ किलो म्हणजे पाणी की आंबे, ते मला काय कळणार?

नवरा नोकरीला बेंगळुरूला, नणंद अमेरिकेत. दोघांचे फोन येऊन गेले. एक म्हणतो आत्ताच्या आत्ता ॲडमिट कर, दुसरी म्हणते यंत्रं अशी ओरडतच असतात. उद्या सकाळी डॉक्टरांना दाखवणार आहोत. पण मला समजून घ्यायचंय की माणूस ठीक आणि यंत्र म्हणतंय ठीक नाही, तर खरं कुणाचं? आणि हा खोका रात्रंदिवस कुणी बघत बसलेलं असतं का?

---

खारी_शेव | सोमवार, रात्री ११:०२

काकू, घाबरू नका. आधी हे सांगा, अण्णा सकाळी फिरायला जातात ना? येताना पोहे खाऊन येतात ना? पोह्यांवर शेव, शेवेवर जीरावन मसाला? अरे भिया, इंदुरात हार्टचा पेशंट फिरायला गेला की वजन वाढवूनच घरी येतो. माझे वडील बायपासनंतर रोज रणजीत हनुमानाला जायचे, आम्हाला वाटायचं केवढी भक्ती. नंतर कळलं भक्ती बाहेरच्या ठेल्यावर होती.

---

तारयंत्र | सोमवार, रात्री ११:३५

मी इंदुरातच कॅथलॅबमध्ये काम करते. पेसमेकर आणि या डब्यांची तपासणी हेच माझं रोजचं काम. हॉस्पिटलचं नाव सांगणार नाही.

अण्णांच्या छातीतल्या डब्यातून उजव्या कप्प्यातल्या तारेपर्यंत अगदी क्षीण वीज सोडतात आणि वाटेत किती अडथळा होतो ते मोजतात. त्याला आम्ही इम्पीडन्स म्हणतो. फुप्फुसात हवा असते आणि हवेतून वीज जात नाही, म्हणून अडथळा जास्त. फुप्फुसात पाणी साचायला लागलं की विजेला वाट सोपी होते आणि आकडा उतरतो. पेशंटला यातलं काही जाणवत नाही. रोजचा आकडा त्याच पेशंटच्या नेहमीच्या आकड्याशी ताडून पाहतात. सलग बरेच दिवस खालीच राहिला की अलर्ट. एखाद्या दिवसाच्या चढउताराने अलर्ट येत नाही, म्हणजे हे काही दिवसांपासून चाललं असणार.

याखेरीज झोपेतले ठोके, दिवसभरात माणूस किती हलला, ठोके अनियमित झाले का, आणि सीआरटी दोन्ही कप्प्यांना किती टक्के वेळ एकत्र पेस करतंय, म्हणजे ठोका देतंय, हेही जातं. तो टक्का आम्हाला ९८च्या वर हवा असतो. खाली आला तर एवढं महागडं यंत्र बसवून उपयोग काय? काही कंपन्यांची यंत्रं हृदयाचे आवाज आणि श्वासाची गतीसुद्धा मोजून सगळ्याचा मिळून एक आकडा काढतात.

रात्री अण्णा झोपले की डबा खोक्याशी रेडिओने बोलतो, खोका मोबाइलच्या नेटवर्कने ते कंपनीच्या सर्व्हरवर टाकतो, आणि ते आमच्या संगणकावर उघडतं.

आता तुमचा खरा प्रश्न. नाही ताई, रात्रंदिवस कुणी बघत बसलेलं नसतं. मी सकाळी दहाला चहा घेऊन बसते आणि रात्रीतून आलेली यादी उघडते. लाल आधी, पिवळे नंतर. रविवारी यादी तशीच पडून असते. म्हणून प्रत्येक पेशंटला बजावते, हा खोका म्हणजे १०८ नव्हे. छातीत दुखलं, चक्कर येऊन पडलात, यंत्राने एकामागून एक शॉक दिले, तर खोक्याकडे बघायचं नाही, १०८ फिरवायचा. एकच शॉक बसला आणि नंतर बरं वाटतंय, तर आम्हाला त्याच दिवशी फोन.

---

उंटावरचा_शहाणा | मंगळवार, सकाळी ७:१५

सकाळी सकाळी कडू बोलतो. आमच्या लहानपणी डॉक्टर पाय दाबून बघायचे, छातीला नळी लावायचे, जीभ काढायला सांगायचे. आता माणूस समोर शब्दकोडं सोडवतोय आणि सर्व्हर म्हणतो हा बुडतोय. यात पेशंटपेक्षा कंपनीचा फायदा किती ते कुणी सांगेल का? आणि घरातल्या बाईची झोप उडाली त्याचं काय? तो अलर्ट आलाच नसता तर काल रात्री सगळे निवांत झोपले असते.

---

लबडब | मंगळवार, दुपारी २:२०

ओपीडी संपवून लिहितोय. मी हृदयरोगतज्ज्ञ आहे, इंदूरचा नाही. अण्णांना मी तपासलेलं नाही, त्यामुळे त्यांच्या गोळ्यांबद्दल इथे एक शब्दही लिहिणार नाही.

आधी शब्दाबद्दल. अण्णांसारखं पंपिंग उतरून पाणी साचायला लागतं, त्याला आम्ही 'हार्ट फेल्युअर' म्हणतो. आपल्याकडे 'हार्ट फेल झालं' म्हणजे माणूस गेला. त्यामुळे 'हार्ट फेल्युअर' हे निदान ऐकून घरोघरी रडारड होते. वर्तमानपत्रं 'हृदय निकामी' लिहितात, ते त्याहून वाईट. हृदय निकामी नसतं, थकलेलं असतं. पुरेसं रक्त पुढे ढकललं जात नाही, मूत्रपिंडांना वाटतं शरीरात पाणी कमी आहे, म्हणून ती मीठ-पाणी धरून ठेवतात, आणि ते पाणी मागे फुप्फुसात आणि पायांत साचतं.

उंटावरचे साहेब, माणूस ठीक आणि यंत्र म्हणतं नाही, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात, म्हणजे पेशंट ३३, त्रास जाणवायच्या सरासरी १५ दिवस आधीपासून हा इम्पीडन्स उतरायला लागला होता. पाय सुजणं आणि दम लागणं या शेवटच्या पायऱ्या आहेत. तोवर थांबलं तर गोळीने भागत नाही, शिरेतून औषध द्यावं लागतं आणि ॲडमिशन होते. प्रत्येक ॲडमिशननंतर हृदय आधीच्या पायरीवर परत येईलच असं नसतं.

पण तुमच्या कडूपणात तथ्य आहे, ते लपवत नाही. हा आकडा न्यूमोनियातही उतरतो, डबा बसवलेल्या कातडीखालच्या खिशात सूज असेल तरी उतरतो. फुप्फुसाच्या बाहेर पाणी झालं तरी तसंच. म्हणून नुसत्या अलर्टवर गोळी वाढवायची नसते.

आणि अलर्ट कुणाच्या हातात द्यायचा हा त्याहून मोठा प्रश्न. डॉट-एचएफ नावाचा अभ्यास झाला, २०११ मध्ये छापला, ३३५ पेशंट. त्यात पाणी वाढलं की यंत्र पेशंटच्याच छातीत बीप वाजवायचं. कल्पना करा, जेवताना छातीतून बीप. लोक घाबरून धावत यायचे, ओपीडीच्या फेऱ्या वाढल्या आणि ॲडमिशनसुद्धा वाढल्या, कमी नाही झाल्या.

पुढे २०१४ मध्ये इन-टाइम. ६६४ पेशंट, माहिती रोज जायची, एक मध्यवर्ती कक्ष ती बघायचा, गडबड दिसली की डॉक्टरांना कळवायचा आणि पेशंटला फोन जायचा. वर्षभरात या गटात १० मृत्यू, नेहमीच्या पद्धतीच्या गटात २७. त्यानंतर २०१७ मध्ये इंग्लंडच्या नऊ हॉस्पिटलांत रेम-एचएफ, १६५० पेशंट, माहिती आठवड्यातून एकदा बघायची. काहीच फरक नाही. तंत्र जवळपास तेच, निकाल उलटे. मी यातून माझ्यापुरता अर्थ असा काढतो की खोक्यापेक्षा खोक्यानंतर काय होतं ते महत्त्वाचं. सगळे सहकारी माझ्याशी सहमत नाहीत. यंत्रं वेगळी होती, पेशंटही वेगळे होते, असं ते म्हणतात. तेही बरोबर असतील.

ताई, तुम्हाला दुपारी फोन आला आणि समोरच्याने पाच प्रश्न विचारले, म्हणजे तुमचं क्लिनिक बरं चाललंय. शेवटचा प्रश्न मात्र अण्णांना पुन्हा विचारा, वेगळ्या शब्दांत. मिठाचं तर आहेच, पण सर्दीच्या, अंगदुखीच्या, गुडघ्याच्या गोळ्या? कुणी दिलेलं चूर्ण, काढा? लोक यांना औषधात धरत नाहीत.

---

रामबागकर | मंगळवार, संध्याकाळी ६:०५

आमची चित्तरकथा ऐका. आईला २०२२ मध्ये असंच यंत्र बसवलं. घर जुनं, भिंती दोन-दोन फुटी. खोका आतल्या खोलीत कपाटाच्या मागे ठेवला, कारण तिथेच प्लग. भिंतीपलीकडे मोबाइलला टॉवर मिळत नाही तर खोक्याला कुठून मिळणार? त्यावर पिवळा दिवा लागायचा. आम्हाला वाटलं, दिवा लागतोय म्हणजे चालू आहे!

पुढे टॉवर मिळावा म्हणून खिडकीशी आणला, तर घरकामाला येणाऱ्या बाईंनी फोन चार्ज करायला त्याचा प्लग काढला आणि परत लावायचा राहिला. असे नऊ आठवडे गेले. नऊ! आई एक दिवस चढउतार करून आली आणि भिंतीला टेकूनच बसली. दम. हॉस्पिटलला नेलं तर तिथे सांगितलं की तुमच्याकडून माहितीच येत नव्हती. मी म्हटलं, येत नव्हती तर फोन का नाही केलात? उत्तर मिळालं, "यादीत 'संपर्क नाही' असे बरेच जण असतात."

आई चार दिवसांत घरी आली, आता बरी आहे. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, कारण चूक आमचीही होती. पण माझं मत सांगतो, 'संपर्क नाही' हाच सगळ्यात लाल अलर्ट समजायला हवा. मी त्या प्लगवर चिकटपट्टी मारून वर लिहिलंय: हे काढलं तर आजी बंद.

---

तारयंत्र | मंगळवार, रात्री ९:५०

रामबागकर, खजील व्हायला झालं. तुमचं हॉस्पिटल आमचं नसलं तरी ती यादी माझ्याही संगणकावर आहे. आमच्याकडे 'संपर्क नाही'वाल्यांना दर शुक्रवारी फोन करायचं ठरलंय. ठरलंय म्हणजे जमेल तेव्हा.

खोका पलंगापासून दोन-तीन मीटरच्या आत, डोक्याच्या बाजूला, आणि त्याला टॉवर मिळेल अशा जागी. दिव्याचा रंग काय सांगतो ते पुस्तिकेत असतं. हल्ली नव्या यंत्रांना खोकाच नसतो, ब्लूटूथने मोबाइलच्या ॲपवरून माहिती जाते. तिथे वेगळीच पंचाईत. आजोबा रात्री फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावतात, नातू ॲप उडवून गेमला जागा करतो.

उंटावरच्या काकांसाठी एक गोष्ट. देवासकडचे एक शेतकरी, यंत्र सहा वर्षांचं. एका सकाळी यादीत लाल, तारेतल्या अडथळ्याचा आकडा एका रात्रीत भलताच चढलेला. म्हणजे तार आतून तुटत आलीय. अशी तार खरखर पाठवते आणि यंत्राला ती खरखर म्हणजे जीवघेणे ठोके वाटतात, मग ते जाग्या माणसाला शॉक देतं. एक नाही, ओळीने. मी त्यांना फोन लावला तर ते ट्रॅक्टरवर. "काही त्रास नाही बाई, सोयाबीन काढून येतो." अर्धा तास भांडले फोनवर. संध्याकाळी आले, शॉक बंद करून वॉर्डात मॉनिटरवर ठेवलं, दोन दिवसांत नवी तार टाकली. यात त्या यंत्राचं कौतुक आहेच, पण घसा माझा बसला होता.

---

अटलांटिकपार | बुधवार, सकाळी ८:३०

आईवडील वडोदऱ्याला, मी इकडे. बाबांना आयसीडी, म्हणजे शॉक देणारं यंत्र आहे. दोन शंका. मला इथून त्यांचे आकडे थेट बघता येतील का? आणि हे सगळं सर्व्हरवर जातं तर कुणी हॅक करून यंत्रच बंद पाडलं तर?

---

लबडब | बुधवार, दुपारी ३:१०

पहिल्याचं उत्तर, पेशंटला सहसा कच्चे आकडे दाखवत नाहीत, फार तर 'माहिती पोहोचली' आणि बॅटरी एवढंच. आणि मी म्हणेन बरंच आहे. सात समुद्रांपलीकडे बसून बापाच्या इम्पीडन्सची रेघ बघणं याने कुणाचं भलं होत नाही. बाबांची संमती घेऊन क्लिनिकमध्ये तुमचा नंबर दुसरा संपर्क म्हणून नोंदवा.

दुसरं. भीती अगदीच हवेतली नाही. अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांनी २०१३ मध्ये सांगितलं होतं की त्यांच्या यंत्राचा वायरलेस भाग डॉक्टरांनी २००७ मध्येच बंद करून घेतला होता, कुणी घातपात करेल म्हणून. २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं आणि उपकरणांच्या नियामकाने, सुमारे ४,६५,००० पेसमेकरांसाठी सुरक्षेचा सॉफ्टवेअर सुधार जाहीर केला. पण घरचा खोका मुख्यतः वाचायचं काम करतो. पेसिंग बदलायचं तर पेशंटला क्लिनिकच्या प्रोग्रामर नावाच्या यंत्रासमोर यावं लागतं. तुमचे बाबा उपराष्ट्राध्यक्ष नसतील तर चोरापेक्षा निघालेल्या प्लगची काळजी जास्त करा.

माहितीच्या खासगीपणाबद्दल मात्र विचारायचं. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. संमतीचा कागद सही करायच्या आधी वाचून घ्या. मी स्वतः माझ्या किती पेशंटना तो नीट वाचून दाखवला, हे मात्र विचारू नका.

---

जुना_वाडा | बुधवार, रात्री ८:००

या धाग्यावर सगळे मुलगे, सुना आणि डॉक्टर. पेशंट मीच एकटा दिसतोय. वय ७८, ग्वाल्हेर, सीआरटी बसवून तीन वर्षं झाली.

माझ्या छातीत काय चाललंय ते आधी सर्व्हरला कळतं, मग कुठल्याशा मुलीला, मग माझ्या मुलाला, आणि सगळ्यात शेवटी मला. मुलगा पुण्याहून फोन करतो, "बाबा, काल तुम्ही चाललाच नाहीत." अरे, काल अंगणात दिवसभर पाऊस होता! पंचेचाळीस वर्षं मी पोरांना मास्तरकी करून हजेरी घेतली, आता माझी हजेरी लागते.

तरी खोका काढलेला नाही. का? कारण बायको रात्री उठून माझा श्वास चालू आहे का ते बघायची. नाकासमोर हात धरून. मी जागा असायचो, डोळे मिटून पडून राहायचो. खोका आल्यापासून ती झोपते. हे कुठल्या अभ्यासात छापलंय का डॉक्टर?

सूनबाई, तुमच्या अण्णांना चारचौघांत गोळीचं विचारू नका. चहा देताना विचारा.

---

लबडब | बुधवार, रात्री ८:४०

छापलेलं माझ्या तरी वाचनात नाही. सर, नमस्कार घ्या.

---

लोकमान्यनगरची_सून | गुरुवार, रात्री ११:१५

उशीर झाला, माफ करा. सांगते सगळं.

मंगळवारी डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी छाती तपासली, खाली थोडी करकर ऐकू येतेय म्हणाले. रक्ताच्या तपासण्या केल्या, मूत्रपिंडाचा आकडा आधीपेक्षा थोडा चढलेला. पाण्याची गोळी चार दिवसांपुरती वाढवून दिली. आणि संगणकावर ती रेघ दाखवली. सहा-सात महिने सरळ चाललेली रेघ, आणि गेल्या दहा-बारा दिवसांत घसरगुंडी. डॉक्टर म्हणाले, "इथे काहीतरी झालंय. आठवा." शेव, पापड, लोणचं, सगळ्याची उलटतपासणी झाली. अण्णांनी पोह्यांची कबुली दिली (खारी_शेव, तुम्ही जिंकलात), पण पोहे तर ते वर्षभर खातायत. मग घसरगुंडी आत्ताच का?

आज संध्याकाळी जुना_वाडा काकांनी सांगितलं तसं केलं. चहा दिला, शेजारी बसले, कोड्यातले दोन शब्द सोडवू दिले. मग विचारलं, "अण्णा, गुडघा कसा आहे?" म्हणाले, "आता एकदम छान." मी म्हटलं, कशाने? तर उठले, देवाच्या कपाटाचा खालचा खण उघडला, दातांच्या डबीमागून एक पुडी काढली. शब्दकोड्याचं कात्रण, त्यात गुंडाळलेली गोळ्यांची स्ट्रिप. दहापैकी आठ खड्डे रिकामे, कडा कात्रीने नीट गोल कापलेल्या, हाताला लागू नयेत म्हणून. डायक्लोफेनॅक. बागेतल्या मित्राने पहिल्या दोन दिल्या, मग कोपऱ्यावरच्या दुकानातून आणल्या. ही दुसरी स्ट्रिप. सकाळी एक, रात्री एक.

मी म्हटलं, परवा फोनवर विचारलं तेव्हा नवी गोळी नाही म्हणालात! तर म्हणाले, "त्यांनी हृदयाचं विचारलं. ही गुडघ्याची."

मला रागवायचं होतं पण हसूच आलं. नंतर स्वयंपाकघरात जाऊन थोडं रडलेही.

---

लबडब | शुक्रवार, सकाळी ७:३०

ताई, ही गोष्ट माझ्या ओपीडीत महिन्यातून दोनदा घडते, फक्त खण बदलतो. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, एटोरिकॉक्सिब या जातीच्या गोळ्या मूत्रपिंडाला मीठ-पाणी धरून ठेवायला लावतात, आणि वर पाण्याच्या गोळीचा जोरही कमी करतात. थकलेल्या हृदयाला हा दुहेरी मार. मूत्रपिंडाचा आकडा चढला तो यामुळेही असू शकतो. तुमच्या डॉक्टरांना आजच फोन करून ही स्ट्रिप सांगा, कारण त्यांनी वाढवलेला डोस त्यांना आता नव्याने ठरवावा लागेल. गुडघ्यालाही उपाय आहेत, तो दुखतच ठेवायचा नाही. नाहीतर अण्णा नवा खण शोधतील.

---

उंटावरचा_शहाणा | शुक्रवार, सकाळी ९:०५

चला, सुटलं कोडं. पण नोंद घ्या, गोळी सापडली ती खणातून, सर्व्हरमधून नाही. चहाने सापडली.

---

तारयंत्र | शुक्रवार, सकाळी १०:१०

काका, पण चहा करायला हवा हे कुणी सांगितलं?

(यादी उघडलीय, लाल दोन आहेत, पळते.)

---

उंटावरचा_शहाणा | शुक्रवार, सकाळी १०:४०

अर्धा गुण दिला.

---

रामबागकर | शुक्रवार, दुपारी १२:२०

माझा पूर्ण गुण वजनकाट्याला. आईचं रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करतो, गाऊनसकट, आणि दिनदर्शिकेच्या चौकोनात लिहितो. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर फोन करायचा असं सांगितलंय. साधा काटा आहे, त्याला सिग्नल लागत नाही.

---

खारी_शेव | शुक्रवार, दुपारी १:००

डॉक्टरसाहेब, वाचलं की फुप्फुसाच्या नळीतच दाब मोजायचा एक सेन्सर असतो, बॅटरीविना. तो यापेक्षा भारी का? आणि पोह्यांचा निकाल द्या एकदाचा.

---

लबडब | शुक्रवार, रात्री १०:१५

तो फुप्फुसाच्या धमनीत कायमचा बसवतात. पेशंट रोज एका खास उशीवर पडतो, उशीतला अँटेना आकडा वाचतो. दाब हा पाण्याच्याही आधी चढतो, म्हणून कल्पना चांगली. ५५० पेशंटांच्या अभ्यासात पहिल्या सहा महिन्यांत हार्ट फेल्युअरच्या ॲडमिशन २८ टक्क्यांनी कमी झाल्या. तो अभ्यास २०११ मध्ये छापला, सेन्सरला अमेरिकेत मान्यता २०१४ मध्ये. पण अण्णांना यंत्र आधीच आहे आणि ते आपलं काम करतंय.

पोहे खा. शेव नको, जीरावन तर नकोच, त्यात काळं मीठ असतं आणि काळं मीठ म्हणजे औषधी असा आपल्याकडे समज आहे. सोडियमला रंग कळत नाही.

---

खारी_शेव | शुक्रवार, रात्री १०:२२

इंदुरात शेवेविना पोहे म्हणजे नवरदेवाविना वरात. पण सांगतो बाबांना.

---

लोकमान्यनगरची_सून | तीन आठवड्यांनंतर, रविवार

धागा वर काढतेय. गोळी बंद झाली, गुडघ्याला पॅरासिटामॉल आणि रोज मांडीचे व्यायाम, फिजिओथेरपिस्टने शिकवलेले. वजन ६६.९. पाण्याची गोळी पुन्हा पूर्वीइतकी. क्लिनिकमधून फोन आला की रेघ वर आलीय. अण्णांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि त्या मुलीला विचारलं, "बेटा, तू मला रोज बघतेस का?" ती म्हणाली, "नाही आजोबा, गडबड झाली तरच." तर म्हणाले, "मग अधूनमधून करायला हवी."

कोपऱ्यावरच्या दुकानदाराला मी जाऊन सांगून आले. त्याने मान डोलावली. किती उपयोग होईल कोण जाणे.

आता नवा प्रश्न. पुढच्या महिन्यात भाचीचं लग्न आहे वडोदऱ्याला, दहा दिवस राहणार. खोका न्यायचा का? तिथे मामींकडे इंडक्शनची शेगडी आहे, तिचं काही?

---

तारयंत्र | रविवार, रात्री ९:३०

खोका न्या, त्याचाच ॲडॉप्टर न्या, आणि पोहोचलात की लावून दिवा बघा. क्लिनिकला आधी सांगून ठेवा, म्हणजे मधले एक-दोन दिवस 'संपर्क नाही' दिसलं तर मी, म्हणजे तिथली माझ्यासारखी कुणीतरी, उगाच घाबरणार नाही. इंडक्शनपासून छाती दोन फूट लांब ठेवायची. अण्णा स्वयंपाक करणार नसतील तर प्रश्नच नाही. मोबाइल डाव्या खिशात नको, उजव्या कानाला. यंत्राचं कार्ड पाकिटात ठेवा, स्टेशनवर तपासणीला दाखवता येतं.

---

खारी_शेव | रविवार, रात्री ९:४१

वडोदऱ्याला शेव-उसळ असते, काकू. सावध.

---

लोकमान्यनगरची_सून | रविवार, रात्री ९:५५

अण्णांनी तिकिटं काढायच्या आधीच त्याची चौकशी केलीय. बॅगेत खोका, ॲडॉप्टर, वजनकाटा आणि कार्ड गेलं. आता ते विचारतायत, माझे कपडे कुठे ठेवायचे.